ज्याचा त्याचा प्रकल्प

पालकसभेत हा प्रश्न हमखास येतो. शिक्षक सांगतात की यंदापासून दर शनिवारी एक तास मुलं आपापल्या आवडीच्या विषयावर काम करतील आणि विषयही मुलंच ठरवतील. मागच्या बाकावरून एक हात वर होतो. ‘‘सर, सगळं ठीक आहे. पण पोरांना आवडेल तेच करू दिलं, तर पाढे कोण पाठ करणार?’’ दोन-चार माना डोलतात. कोपऱ्यातून कुणीतरी पुस्ती जोडतं, ‘‘आमच्याला विचाराल तर तो म्हणेल, मोबाइल!’’ सभा हसते आणि चर्चा गणवेशावर येते.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यात दोन शंका एकमेकींत गुंतलेल्या आहेत. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला स्वतःचा विषय निवडता येतो का? आणि आला, तरी त्यातून शाळेचा अभ्यास होतो का? या प्रकरणात दोन्हींचा माग काढू. त्याआधी आपल्या शाळांमध्ये प्रकल्पाच्या नावाखाली सध्या काय चालतं, ते पाहून घेतलं पाहिजे.

१. रात्री अकराचा प्रकल्प

तिसरी-चौथीतलं मूल असलेल्या कुठल्याही घरातली रविवारची रात्र घ्या. उद्या ‘पाणी’ या विषयावरचा प्रकल्प द्यायचाय, हे जेवणं आटोपल्यावर आठवतं. बाबा स्टेशनरीच्या दुकानाकडे धावतात. शटर अर्धं खाली आलेलं असतं. दुकानदाराला सवय आहे, तो न विचारता कार्डशीट आणि छापील चित्रांचा तक्ता पुढे करतो. वाहतुकीची साधनं, पाळीव प्राणी, थोर नेते, पाण्याचे उपयोग, सगळे तक्ते तयार असतात. घरी आई पेन्सिलीने रेघा आखून सुवाच्य अक्षरात मजकूर लिहिते. मूल तीन चित्रं कापतं, एक वाकडं चिकटवतं आणि पेंगायला लागतं. चकाकीची किनार बाबा लावतात. सोमवारी शिक्षक शेरा देतात, ‘छान!’ हा शेरा नेमका कुणाला मिळाला, ते वर्गात सगळ्यांना ठाऊक असतं.

विषय शाळेचा, चित्रं दुकानातली, अक्षर आईचं. मुलाच्या वाट्याला आला तो डिंक. शिवाय ज्याच्या घरी कार्डशीटला पैसे नाहीत किंवा आई कामावरून रात्री आठला परतते, त्याचा प्रकल्प इतरांच्या शेजारी केविलवाणा दिसतो. आपण मुलाचं काम तपासतोय असं म्हणत प्रत्यक्षात घराची ऐपत तपासतो. माझ्या मते असे प्रकल्प बंद केले तर कुणाचंही काहीही बिघडणार नाही.

२. दिवाळीतला किल्ला

तेच मूल दिवाळीच्या सुटीत काय करतं, ते पाहा. सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की पोरं मातीच्या शोधाला लागतात. कुणाच्या बांधकामावरून विटांचे तुकडे येतात, किराणा दुकानातून रिकामं पोतं येतं. राजगड करायचा की प्रतापगड यावर भांडण होतं. दगड-विटा रचून त्यावर चिखलात बुडवलेलं पोतं पसरतात, त्यावर माती लिंपतात. पहिल्या दिवशी बुरूज ढासळतो. गल्लीतला सातवीतला दादा येऊन सांगतो की माती फार पातळ झालीय, चाळून घ्या. हिरवळ हवी तर अळीव किंवा मोहरी पेरावी लागते, आणि नरकचतुर्दशीला ती उगवलेली दिसायची तर चार-पाच दिवस आधी पेरायला हवी. म्हणजे शेवटच्या तारखेपासून उलटं मोजत यायचं. हे गणित कुणी शिकवलेलं नसतं आणि कुणी चुकतही नाही. मग शेजारचे काका येतात आणि विचारतात, ‘‘चोरदरवाजा कुठाय रे?’’ तो ठेवायचा राहिलेला असतो. संध्याकाळपर्यंत होतो.

वर्गात आवडीचा प्रकल्प सुरू करायचा म्हणजे किल्ला करणाऱ्या या मुलाला शाळेत जागा द्यायची. किल्ल्यात लागणाऱ्या सगळ्या गोष्टी तिथंही लागतात: स्वतः केलेली निवड, हाताशी असलेलं साहित्य, टळणार नाही अशी तारीख, वेळेवर टोकणारा कुणी मोठा आणि शेवटी येऊन प्रश्न विचारणारा प्रेक्षक.

पण किल्ल्याला काही मर्यादाही आहेत. प्रतापगड त्याच जागी का बांधला, हे गल्लीत कुणी विचारत नाही. केलेलं लिहून ठेवलं जात नाही, त्यामुळे गेल्या वर्षीची चूक यंदा पुन्हा होते. तिथं शिक्षक हवा. विषय मुलाचा आणि त्यावर काम करण्याची शिस्त शिक्षकाची, अशी ही वाटणी आहे. पुढचं सगळं प्रकरण या वाटणीबद्दलच आहे.

३. कल्पना नवी नाही

१८९६ मध्ये जॉन ड्यूई या अमेरिकन तत्त्वज्ञाने शिकागो विद्यापीठात एक छोटी शाळा काढली. तिथं मुलं सुतारकाम करत, स्वयंपाक करत, सूत काढत. ड्यूईने एक हकीकत नोंदवून ठेवली आहे. मुलांच्या एका गटाला कच्चा कापूस दिला आणि हाताने सरकी वेगळी करायला सांगितली. अर्धा तास खपूनही एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅमसुद्धा रुई निघाली नाही. मेंढीच्या लोकरीला असा त्रास नसतो. जुन्या काळी तिकडचे लोक सुती कपड्यांऐवजी लोकरीचे कपडे का घालत, हे त्या मुलांना इतिहासाचं पुस्तक न उघडता कळलं. विदर्भ-खानदेशातल्या ज्या मुलांनी सरकी हाताळली आहे, त्यांना यातली गंमत चटकन समजेल.

कापूस निवडला होता शिक्षकांनी. निवडीचा अधिकार मुलाकडे द्यावा, असं ठामपणे मांडलं ते ड्यूईचे अनुयायी विल्यम किलपॅट्रिक यांनी. १९१८ मध्ये त्यांनी ‘प्रकल्प पद्धती’वर एक निबंध लिहिला आणि त्यात स्वतःचा पोशाख शिवणाऱ्या मुलीचं उदाहरण दिलं. पोशाख तिला मनापासून हवा असेल, आखणी तिची असेल आणि शिवणारीही तीच असेल, तर तो प्रकल्प. हेतू ठरवणं, आखणी करणं, काम करणं आणि शेवटी ते पारखणं, या चार पायऱ्या त्यांनीच सांगितल्या. निबंध अफाट गाजला. मग काही उत्साही शाळांनी शिक्षकाला बाजूलाच बसवलं. त्यावर १९३८ मध्ये खुद्द ड्यूईने एका छोट्या पुस्तकात आपल्याच गोटातल्या मंडळींना सुनावलं: शिक्षकाची जबाबदारी या पद्धतीत वाढते, कमी होत नाही.

आपल्याकडे भावनगरच्या गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं. वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेल्या या माणसाचं ‘दिवास्वप्न’ हे पुस्तक शिक्षकांनी जरूर वाचावं. त्यातला शिक्षक चौथीचा वर्ग प्रयोगासाठी मागून घेतो. पहिल्याच दिवशी तो मुलांना शांततेचा खेळ खेळायला सांगतो आणि साफ फसतो. वर्गात नुसता गोंधळ माजतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला बसतो आणि तिथून वर्ग त्याच्या हाती लागतो. मोकळीक दिली की मुलं आपोआप शहाण्यासारखी वागतील असं मानणाऱ्यांना ते पहिलं प्रकरण पुरेसं आहे.

गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक पुढे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला आणि मग कोसबाडला आल्या. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. वारली मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणावर नेली. त्या कुरणशाळेत पानं, बिया, खडे हेच शिकण्याचं साहित्य होतं. मुलाच्या हाताशी जे आहे तिथून सुरुवात करायची, हा धडा त्यातून घ्यायचा. १९८५ मध्ये लीलाताई पाटील यांनी कोल्हापुरात सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयानेही प्राथमिक वयाच्या मुलांच्या अनुभवालाच अभ्यासक्रमात मानाचं पान दिलं.

आठवड्यातला एक तास राखून ठेवण्याची सध्याची पद्धत मात्र कंपन्यांकडून आली. अमेरिकेतली थ्रीएम कंपनी १९४८ पासून कर्मचाऱ्यांना पंधरा टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांवर खर्च करू देते. गूगलच्या संस्थापकांनी २००४ मध्ये भागधारकांना लिहिलेल्या पत्रात वीस टक्क्यांचा उल्लेख केला. तिकडच्या शिक्षकांनी ही कल्पना उचलली आणि तिचं ‘जीनियस अवर’ असं बारसं केलं. नाव जरा जास्तच भारदस्त आहे. नऊ वर्षांच्या मुलावर प्रतिभावंत होण्याचं ओझं कशाला टाकायचं? आपण साधं ‘आवडीचा तास’ म्हणू.

४. ‘तुला काय आवडतं?’

नवखा शिक्षक पहिल्या दिवशी हा प्रश्न विचारतो आणि तिथंच अडकतो. निम्मा वर्ग म्हणतो क्रिकेट, उरलेला म्हणतो चित्रकला, आणि दोघं-तिघं शेजाऱ्याने सांगितलं तेच सांगतात. काही मुलं गप्प राहतात. त्यांना काही आवडत नाही असा अर्थ काढू नये. आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं, इतकंच.

आवड कशी तयार होते, यावर सुझान हिडी आणि अ‍ॅन रेनिंजर या संशोधकांनी २००६ मध्ये चार टप्पे मांडले. पहिल्या टप्प्यात बाहेरच्या एखाद्या गोष्टीने कुतूहल चाळवतं: अंगणात साप निघाला, एसटीचं चाक पंक्चर झालं. दुसऱ्यात ते टिकतं, पण कुणीतरी आधार दिला तरच. तिसऱ्यात मूल स्वतःहून त्या विषयाकडे परत येऊ लागतं आणि स्वतःचे प्रश्न काढतं. चौथ्यात आवड मुरते. चौथीतली बहुतेक मुलं पहिल्या-दुसऱ्या टप्प्यावर असतात. म्हणून ‘तुझी आवड शोध’ असं सांगून त्यांना मोकळं सोडण्यात अर्थ नाही. आधी कुतूहल चाळवेल असं काहीतरी समोर यायला हवं.

त्यासाठी विषय निवडायच्या आधी महिनाभर वर्गाच्या भिंतीवर एक कोरा कागद लावा. वर ठळक अक्षरात लिहा, ‘मला पडलेला प्रश्न’. ज्याला जेव्हा जे सुचेल ते त्याने लिहायचं. शुद्धलेखन तपासायचं नाही. एका टेबलावर वस्तू ठेवा: सुगरणीचं घरटं, बिघडलेलं घड्याळ, भिंग, जुनी नाणी, सापाची कात. ज्या वस्तूभोवती मुलं पुन्हा पुन्हा घुटमळतात, तिची मनात नोंद करा. महिन्याने त्या कागदावर वर्गाला पुरून उरतील इतके प्रश्न जमा झालेले असतात.

मग निवड करायची. विषय म्हणून ‘साप’ किंवा ‘क्रिकेट’ असा एक शब्द चालत नाही. त्याचा प्रश्न झाला पाहिजे. तो प्रश्न पाहून, मोजून किंवा कुणाला तरी विचारून सुटण्यासारखा हवा, आणि त्याचं उत्तर पुस्तकातल्या एका ओळीत मिळू नये. पालकसभेत हशा पिकवणारा तो मोबाइल घेऊ. ‘मला मोबाइल आवडतो’ यावर काही काम होत नाही. पण ‘मोबाइलची बॅटरी कशाने जास्त उतरते?’ हा प्रश्न झकास आहे. घरच्या मोठ्यांना सोबत घेऊन एक दिवस अर्धा तास व्हिडिओ चालू ठेवायचा, दुसऱ्या दिवशी अर्धा तास टॉर्च, तिसऱ्या दिवशी अर्धा तास फोन नुसता पडू द्यायचा. प्रत्येक वेळी सुरुवातीची आणि शेवटची टक्केवारी लिहायची आणि वजाबाकी करायची. मग मुलालाच प्रश्न पडतो की एका दिवशी आपण १०० टक्क्यांपासून सुरुवात केली आणि दुसऱ्या दिवशी ३५ पासून, तेव्हा तुलना सरळ झाली का? असली शंका चौथीत पडली, तर विज्ञानाचं निम्मं काम तिथंच झालं.

५. खुडूक कोंबडीचे सहा शनिवार

आता एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहू. समजा, चौथीतल्या एका मुलीच्या घरी गावठी कोंबड्या आहेत. पहिल्या शनिवारी ती वहीत लिहिते, ‘मला कोंबडी आवडते.’ शिक्षिका विचारतात, ‘‘कोंबडीबद्दल तुला काय ठाऊक नाही?’’ मुलगी जरा वेळ पेन्सिल चावते आणि म्हणते, ‘‘बाई, आमची कोंबडी रोज एक अंडं घालते. मग पिल्लं सगळी एकदमच कशी निघतात?’’

विषय सापडला. हा प्रश्न पाठ्यपुस्तकात नाही, आणि पुष्कळ मोठ्यांनाही त्याचं उत्तर देता येणार नाही.

दुसऱ्या शनिवारी, ४ जानेवारीला, आखणी. कुणाला विचारायचं? आजीला, आणि गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना. काय पाहायचं? कोंबडी खुडूक बसलीच आहे, आजी आज तिच्याखाली १२ अंडी ठेवणार आहे. पिल्लं २१ दिवसांनी निघतात, असं आजी सांगते. मग कोणत्या तारखेला? मुलगी ४ तारखेपासून बोटं मोजते आणि म्हणते २४. शेजारची मैत्रीण ५ पासून मोजते आणि म्हणते २५. दोघींचं चांगलंच वाजतं. शिक्षिका निकाल देत नाहीत, कॅलेंडर आणून देतात. ४ तारखेला अंडी नुकतीच ठेवली, तेव्हा एक दिवस पूर्ण होणार ५ तारखेला, हे दोघींना पटतं. उत्तर २५. वर एक शोध फुकटात लागतो: २१ दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे, म्हणून शनिवारी ठेवलेल्या अंड्यांतून पिल्लं शनिवारीच निघणार.

तिसऱ्या शनिवारी अंड्यांना सात दिवस झालेले असतात. कोंबडी दाणे टिपायला उठली की आजी एकेक अंडं उचलते आणि अंधाऱ्या खोलीत त्यामागे बॅटरीचा उजेड धरते. दहा अंड्यांत लाल रक्तवाहिन्यांचं जाळं दिसतं, दोन अंडी नुसतीच उजळतात. मुलगी दोन्ही प्रकारांची चित्रं काढते. दरम्यान डॉक्टरांकडून तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं असतं. अंडं घातल्यावर ते गार होतं आणि आतली वाढ थांबते. कोंबडी सलग ऊब देऊ लागली की सगळ्या अंड्यांतली वाढ एकदम सुरू होते. अंडी वेगवेगळ्या दिवशी घातलेली असली, तरी उबवणीचा पहिला दिवस सगळ्यांचा एकच असतो.

चौथ्या शनिवारी कच्चा मजकूर तयार होतो: ‘कोंबडी अंड्यावर बसते. ती २१ दिवस बसते. मग पिल्ले येतात.’ संपलं. इथं लाल पेन काढायचा मोह आवरावा. शिक्षिका तो मजकूर वर्गात वाचायला लावतात आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे असतात. ‘‘ती जेवायला कधी उठते?’’ ‘‘पिल्लू बाहेर येताना कवच कोण फोडतं, आई की पिल्लू?’’ दुसऱ्याचं उत्तर मुलीला माहीत नसतं. पुन्हा चौकशी होते. पिल्लाच्या चोचीच्या टोकावर एक टणक कण असतो, त्याने ते आतून कवच फोडतं आणि काही दिवसांत तो कण गळून पडतो. दुसऱ्या वेळचा मजकूर दीड पान होतो, आणि तो कुणी वाढवायला सांगितलेला नसतो.

पाचव्या शनिवारी, २५ तारखेला, मुलगी शाळेत उशिरा येते. कारण उघड आहे. १२ पैकी ९ पिल्लं निघाली. नऊ छेद बारा, म्हणजे तीन छेद चार, म्हणजे पाऊण हिस्सा. अपूर्णांकाच्या धड्यात हेच उदाहरण भाकरीच्या चित्रावरून येतं, तिथं त्याने कुणाची झोप उडत नाही. दोन अंडी आधीपासून रिकामी होती. मग तिसऱ्याचं काय झालं? ते कळलं नाही, असं ती लिहिते. शिक्षिका ते वाक्य तसंच राहू देतात.

सहाव्या शनिवारी सादरीकरण असतं. समोर दुसरीची मुलं आणि वेळ काढून आलेले पालक. टेबलावर कवचांचे तुकडे, खुणा केलेलं कॅलेंडर आणि वही. कार्डशीट नाही.

६. मग पाढ्यांचं काय?

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवं. आठवड्याचे सहा दिवस धरले तर २०० दिवसांचे साधारण ३३ आठवडे होतात. दर आठवड्याला एक तास म्हणजे वर्षाला ३३ तास, ८०० तासांतले जेमतेम चार टक्के. पाढ्यांसाठी ९६ टक्के वेळ शिल्लक आहे. तेवढ्यात पाढे होत नसतील, तर दोष शनिवारच्या तासाकडे जात नाही.

ही झाली वेळेची वजाबाकी. या चार टक्क्यांतून अभ्यासाला काही परत मिळतं का? डोना रेख्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्या ६४ मुलांवर एक प्रयोग केला. बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला देऊन, काय घडलं ते मुलांना लाकडी बाहुल्या हलवून दाखवायला सांगितलं. वाचनात कच्ची, पण बेसबॉलची जाणकार अशी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉलचं अज्ञान असलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपल्याकडे धडा अडखळत वाचणारा मुलगा वर्तमानपत्रातलं क्रिकेटचं पान कसं धडाधड वाचतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना नवल वाटणार नाही. विषय ओळखीचा असला की वाचलेलं समजतं, आणि समजलं की मूल आणखी वाचतं.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी २००६ मध्ये दाखवून दिलं की एखाद्या विषयात नवख्या असलेल्यांना फारसं मार्गदर्शन न करता ‘स्वतः शोधा’ म्हणून सोडलं, तर ते कमीच शिकतात. डोक्यात एका वेळी थोड्याच गोष्टी मावतात, आणि सगळंच नवं असेल तर गोंधळ होतो. ज्याला जोडाक्षरं वाचता येत नाहीत, त्याला ती कोंबडीच्या प्रकल्पातून येणार नाहीत. ती रोज, क्रमाने, सराव करून शिकवावी लागतात. पाढेही तसेच. आवडीचा तास या कामाला पर्याय ठरू शकत नाही. रोजच्या तासाला शिकलेलं मूल तिथं वापरून पाहतं, आणि काय अडतं ते त्याला स्वतःला कळतं. वजाबाकी येत नसल्यामुळे बॅटरीचा हिशेब अडला, की सोमवारी वजाबाकी शिकायला त्याच्याकडे कारण असतं.

७. बक्षिसाची भानगड

तास रंगायला लागला की कुणीतरी सुचवतं: उत्कृष्ट प्रकल्पाला पारितोषिक ठेवू या. कृपा करून ठेवू नका.

१९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत एक प्रयोग केला. तीन ते पाच वर्षांची, स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडणारी मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी तारा आणि लाल फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता ते दिलं, काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी खेळाच्या वेळात स्केचपेन पुन्हा समोर ठेवली आणि कोण किती वेळ चित्रं काढतं, ते लपून पाहिलं. ज्यांना आधी बक्षीस कबूल केलं होतं, ती मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रात रमली. आवडीने होणारं काम त्यांच्या लेखी बक्षिसासाठी करायचं काम झालं होतं.

मग मूल्यमापन कसं करायचं? महाराष्ट्रात २०१० पासून आकारिक मूल्यमापनाची जी आठ साधनतंत्रं आहेत, त्यात प्रकल्प हे एक आहेच. म्हणजे नोंदीसाठी जागा आधीपासून आहे, फक्त नोंद खरी हवी. ‘प्रकल्पात उत्साहाने भाग घेतो’ ही नोंद कुठल्याही मुलाला लागू पडते, म्हणून ती कुणाचीच नसते. ‘तारीख मोजताना पहिला दिवस का धरायचा नाही, हे मैत्रिणीबरोबर कॅलेंडरवर ताडून पाहिलं’ ही नोंद त्या एका मुलीचीच असते.

८. शिक्षकाच्या बाजूने

तीस मुलांचे तीस विषय एकट्याने कसे सांभाळायचे, ही तक्रार रास्त आहे. उपाय साधा आहे, पण पाळायला हवा. तासाच्या ६० मिनिटांतली ३० मिनिटं फक्त सहा मुलांसाठी राखायची, प्रत्येकाला पाच मिनिटं. पाच शनिवारांत पट पूर्ण होतो. बाकीच्यांनी तोवर अडलं तर आधी वहीत पाहायचं, मग शेजाऱ्याला विचारायचं, मगच बाईंकडे यायचं. द्विशिक्षकी शाळेत हे शहरातल्या मोठ्या शाळेपेक्षा सोपं जातं, कारण तिथं एका खोलीत दोन-तीन इयत्ता वेगवेगळं काम करत बसायला सरावलेल्या असतात आणि चौथीतलं मूल दुसरीतल्याला सांगत असतंच.

एक नियम मात्र कडक ठेवावा: प्रकल्पाचं लिहिणं, चित्रं काढणं आणि मांडणी शाळेतच होईल. घरी जायचं ते पाहायला, मोजायला आणि विचारायला. साहित्य विकत आणायचं नाही. एवढ्याने आईचं अक्षर आणि बाबांची किनार दोन्ही बाद होतात, आणि ज्याच्या घरी मदतीला कुणी नाही त्याचं नुकसान टळतं. उलट शेतमजुराच्या, मेंढपाळाच्या किंवा गॅरेजवाल्याच्या मुलाकडे असं पुष्कळ काही असतं, जे बंगल्यातल्या मुलाकडे नसतं.

वेळापत्रकात तास कुठून आणायचा, हीही अडचण आता फारशी उरलेली नाही. राज्य शासनाने २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम जाहीर केला आहे. त्यात हा तास आरामात बसतो. केंद्रप्रमुखांनी विचारलं तर शासन निर्णय दाखवा आणि मुलांच्या वह्याही दाखवा.

राहता राहिले मागच्या बाकावरचे पालक. त्यांना विनंती आहे की सादरीकरणाच्या शनिवारी तासभर सवड काढून या. मुलाची वही हातात घ्या, पण चुका काढायला पेन उघडू नका. तुम्हाला ज्याचं उत्तर खरोखर माहीत नाही, असा एक प्रश्न त्याला विचारा, आणि तो सांगेल ते शेवटपर्यंत ऐकून घ्या.